पाणवठा कोणाचा?

(बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ताडोब्याच्या बफर क्षेत्रात मचाणावर बसून, पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांच्या नोंदी घेऊन दोघे परतले आहेत. मामा वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालेले. भाची पुण्यात परिसरशास्त्रात एम.एस्सी. करते. नोंदवही दोघांची एकच, पण तिचा अर्थ दोघे वेगवेगळा लावतात.)

भाची : मामा, पाणी एवढंसं, तहानलेले एवढे, आणि रात्रभरात एकही झुंज नाही! ऊन होतं तोवर वानरं आणि मोर येऊन गेले. तिन्हीसांजेला चितळं आली, अंधार पडल्यावर गव्यांचा कळप, मग सांबर, मध्यरात्रीनंतर अस्वल आणि उजाडता उजाडता रानकुत्री. टंचाईच्या दिवसांत गावातल्या टँकरभोवतीसुद्धा एवढी शिस्त दिसत नाही. जीवनकलह म्हणून जे आम्हाला शाळेपासून शिकवलं, ते मला या पाणवठ्यावर कुठेच दिसलं नाही.

मामा : तू जिला शिस्त म्हणतेस, तिला मी धाक म्हणतो. गवे पाण्यात उभे होते तेव्हाचं ते सांबर आठव. बांबूच्या आडोशाला कान टवकारून किती वेळ ताटकळलं! गवे हलेपर्यंत एक पाऊल पुढे टाकलं नाही त्यानं. भांडण दिसत नाही, कारण भांडणांचे निकाल कधीच लागून गेलेत. कुणी कुणाला वाट द्यायची, हे कितीतरी पिढ्यांनी रक्त सांडून ठरवलं. ज्यांना थांबायचं कळलं नाही, त्यांचा वंश पाण्यावर यायला उरलाच नाही. बळी तो कान पिळी, हाच जंगलाचा कायदा. कान इतक्या वेळा पिळले गेलेत की आता नुसती चाहूलही पुरते.

भाची : हा युक्तिवाद फार सोयीचा आहे, मामा. भांडण दिसलं तर स्पर्धा, आणि नाही दिसलं तरी स्पर्धाच, फक्त जुनी! मग तुमचं म्हणणं चूक ठरायचं तरी कसं? जोसेफ कॉनेल या अमेरिकन परिसरशास्त्रज्ञानं १९८० साली नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. या युक्तिवादाला त्यांनी ‘गतकाळातल्या स्पर्धेचं भूत’ असं नाव दिलं. भूत आहे म्हणता, तर पुरावा दाखवा, असं त्यांचं म्हणणं.

मामा : शेकडो पिढ्यांपूर्वीच्या भांडणाचा पुरावा कोण आणि कुठून आणणार?

भाची : जुनं भांडण बघता येत नाही, पण आज दिसणारी वाटणी मोडून बघता येते. तेही कॉनेल यांनीच करून दाखवलंय. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा त्यांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. समुद्रातल्या खडकांना बार्नॅकल नावाचे छोटे कवचधारी प्राणी चिकटून राहतात. तिथे त्यांच्या दोन जाती होत्या. एक भरतीच्या रेषेजवळ, वरच्या खडकावर. दुसरी तिच्या खाली. कॉनेल यांनी काही खडकांवरून खालची जात काढून टाकली. तेव्हा वरच्या जातीची पिल्लं खालच्या पट्ट्यातही चांगली वाढली. म्हणजे ती जागा त्यांना मानवत होती. एरवी दणकट जात त्यांच्या अंगावर वाढायची, त्यांच्या कडेखाली घुसायची आणि त्यांना खडकावरून उचकटून टाकायची.

मामा : मग हे माझंच म्हणणं झालं की!

भाची : अर्धं झालं. ती दणकट जात वरचाही खडक का बळकावत नव्हती? कारण ओहोटीच्या वेळी वरचा खडक तासन्‌तास कोरडा पडतो. तो कोरडेपणा तिला सोसत नाही, दुबळीला सोसतो. दुबळी टिकली, कारण बलवानाला न मानवणारी जागा शिल्लक होती. तुमचा कायदा सगळीकडे चालत असता, तर त्या खडकांवर एकच जात दिसली असती.

मामा : खडक सोड, जंगलात ये. माझं आयुष्य सागात गेलं. सागाची लागवड दोन बाय दोन मीटरवर केली, तर हेक्टरी २५०० रोपं बसतात. इतकी दाट लागवड मुद्दाम करतात, म्हणजे रोपं आडवी न फोफावता उजेडासाठी सरळ वर चढतात. काही वर्षांत शेंडे एकमेकांना भिडले की विरळणी करावी लागते. नाही केली, तर झाडं ती स्वतःच करतात. मागे पडलेलं झाड दुसऱ्याच्या सावलीत खंगत जातं आणि एका उन्हाळ्यात वाळून उभंच राहतं. कोणतं झाड ठेवायचं आणि कोणतं काढायचं, याच्या खुणा मी वर्षानुवर्षं केल्यात. झाडाला पळता येत नाही, म्हणून तर त्याची स्पर्धा सगळ्यात निर्दय. शेजारी बदलायची सोय नाही त्याला.

भाची : जमिनीच्या वर तसंच दिसतं. पण जमिनीखाली मुळांना बुरशी जोडलेली असते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला फॉस्फरस आणून देते. सुझान सिमार्ड यांनी १९९७ साली कॅनडाच्या जंगलात दाखवून दिलं, की भूर्ज आणि डग्लस फर या दोन वेगळ्या जातींच्या रोपांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते. फरवर सावली वाढवली, तर तिच्याकडे येणारा कार्बनही वाढतो.

मामा : आणि त्यावरून झाडं एकमेकांशी बोलतात, आई आपल्या लेकरांना भरवते, असल्या गोष्टी लोक सांगत सुटले. त्याही मी ऐकल्यात.

भाची : तिथे मी तुमच्या बाजूची आहे. २०२३ साली तीन संशोधकांनी त्या सगळ्या पुराव्याची छाननी केली. जंगलातली मोठी झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना पोसतात, असं ठामपणे म्हणायला प्रत्यक्ष जंगलातला पुरावा फार तोकडा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. मुळं आणि बुरशी यांच्यातला व्यवहार मात्र पक्का आहे. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पती त्याच्यावर जगतात.

मामा : व्यवहार म्हणालीस, ते मला पटलं. व्यवहारात दोघंही आपलाच फायदा बघतात. त्याला प्रेमाचं नाव कशाला द्यायचं?

भाची : मी प्रेम म्हणतच नाही. मी वाटणी म्हणते. गाउझ यांचा प्रयोग तुम्हाला ठाऊक असेल. मॉस्कोमध्ये काम करणाऱ्या या तरुण शास्त्रज्ञाचं पुस्तक १९३४ साली आलं. पॅरामिशियम हा पाण्यातला एकपेशीय जीव. त्याच्या ऑरेलिया आणि कॉडेटम या दोन जाती गाउझ यांनी एकाच नळीत वाढवल्या. अन्न एकच, जागा एकच.

मामा : आणि कॉडेटम संपली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. हे आम्हाला प्रशिक्षणातसुद्धा शिकवलं होतं.

भाची : पुढचा प्रयोग मात्र फारसा कुणी सांगत नाही. जी कॉडेटम तिथे हरली, तिलाच त्यांनी बर्सारिया या तिसऱ्या जातीबरोबर ठेवलं. तर दोन्ही टिकल्या! कॉडेटम वरच्या थरात तरंगणारे जीवाणू खात राहिली. बर्सारिया तळाशी बसलेलं यीस्ट खात राहिली. तळाशी प्राणवायू कमी. पण बर्सारियाच्या पेशीतच हिरवं शेवाळ राहतं, ते तिला प्राणवायू पुरवतं. बोटभर नळी, पण तिच्यात दोन घरं निघाली. म्हणजे हरणं हे कॉडेटमच्या नशिबात लिहिलेलं नव्हतं. शेजारी कोण आणि नळीत जागा किती तऱ्हेच्या, यावर ते ठरलं.

मामा : बरं, आता मी तुला वाघाची नळी दाखवतो. वाघ, बिबट्या, रानकुत्री. तिघंही मांसाहारी, तिघांचा डोळा त्याच चितळ-सांबरांवर.

भाची : त्यांचीही वाटणी आहेच. उल्लास कारंथ आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये या तिघांच्या शिकारी अभ्यासल्या. तो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. वाघाच्या मुख्य शिकारीचं सरासरी वजन ९१.५ किलो, रानकुत्र्यांच्या ४३.४ आणि बिबट्याच्या ३७.६ किलो. वाघाचा कल गवा-सांबराकडे, बाकी दोघांचा मध्यम आकाराच्या प्राण्यांकडे. त्यात पुन्हा बिबट्या बहुतेक रात्री फिरतो, रानकुत्री दिवसा. शिवाय बिबट्या शिकार झाडावर नेऊन ठेवतो.

मामा : झाडावर का नेतो, तेही सांग ना! खाली ठेवली तर वाघ नाहीतर रानकुत्री हिसकावतील म्हणून. आणि शिकार मुबलक असलेल्या जंगलातली ही वाटणी झाली. वाघ वाढले की काय होतं, ते राजाजीत बघ. उत्तराखंडातल्या राजाजी उद्यानाच्या चिल्ला भागातून गुज्जरांच्या वस्त्या हलवल्या, वाघ पुन्हा वाढले. चारेक वर्षांत तिथल्या बिबट्यांची घनता शंभर चौरस किलोमीटरला जवळपास दहावरून दोनवर आली. उरलेल्या बिबट्यांच्या खाण्यात गुरंढोरं आणि लहानसहान जनावरं वाढली. तू याला वाटणी म्हणशील. मी हकालपट्टी म्हणतो. मोठा आला, धाकटा काठावर गेला.

भाची : काठावर गेला, पण मेला नाही. मामा, माझा सगळा मुद्दा त्या काठाचाच आहे. बिबट्या उंदरापासून वासरापर्यंत काहीही खाऊन जगतो. वाघाला ते जमत नाही. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसात राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला. त्या बिबट्यांच्या खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात सगळ्यात मोठा हिस्सा कुत्र्यांचा, ३९ टक्के. वाघाला जिथे घर दिसणार नाही, तिथे बिबट्या संसार थाटतो.

मामा : आणि त्या संसाराची किंमत शेतकरी मोजतो. रात्री पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला विचार. तू ज्याला काठ म्हणतेस, तिथे कुणाचं तरी अंगण असतं. गाव हे काही रिकामं ठिकाण नव्हे, बिबट्याला ढकलून द्यायला.

भाची : ते नाकारलं तर मी खोटी ठरेन. वाटणी नेहमी न्यायाची असते, असं मी म्हणत नाही. काही वाटण्या होतच नाहीत, हेही मला दिसतं. तुमच्या गावच्या मोहाचंच घ्या.

मामा : मोहाचं मला सांगू नकोस, ते मी सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात ती रात्र सरता सरता. पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. चितळांना ती हवीत, अस्वलाला तर फारच हवीत, आणि टोपली घेऊन निघालेल्या बाईला त्याच फुलांवर घराचे चार पैसे करायचे असतात. उशीर केला तर फुलं दुसऱ्याची, म्हणून ती अंधारातच निघते. अस्वलाची वेळही तीच. त्याची नजर अधू, आणि माणूस अचानक समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. त्या दिवसांत अस्वलानं फाडलेली माणसं मी दवाखान्यात नेलीत. तिथे कसली वाटणी आणि कसलं काय!

भाची : ती का होत नाही, याचं उत्तर तुम्हीच दिलंत, मामा. फूल तेच, झाड तेच आणि वेळही तीच. बाजूला सरकायला काही उरत नाही, तिथे रक्त सांडतं. पाणवठ्यावर रात्र लांबलचक होती, म्हणून गव्यानंतर सांबराला पाणी मिळालं. मोहाखाली हाताशी असते एकच पहाट.

मामा : हं. हे मात्र मला मान्य आहे. पण मग उपाय सरळ आहे. जे कमी आहे ते वाढवायचं. ताडोब्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. वनखात्यानं पाणवठे बांधले, बोअर मारून सौर पंप बसवले. पूर्वी टँकरनं पाणी टाकावं लागायचं. पाणी वाढलं, की भांडणाचं मूळच गेलं.

भाची : इथे मला तुमच्याशी कडकडून भांडायचंय. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात हाच विचार झाला होता. कोरड्या भागांत बोअर मारून शेकडो पाणवठे केले. उद्यानाच्या उत्तरेच्या कोरड्या माळांवर रोन नावाचं मोठं, दुर्मीळ हरीण राहायचं. उंच गवतात, पाण्यापासून लांब. बोअरचं पाणी आल्यावर दुष्काळात झेब्रे आणि विल्डेबीस्ट त्या माळांवर सरकले. त्यांनी गवत खुरटवलं. त्यांच्यामागून सिंह आले. १९८६ साली त्या भागात रोन सुमारे ४५० होती. १९९३ पर्यंत ती ४५ च्या आसपास उरली.

मामा : पाणी वाढल्यामुळे? पाणी तर त्या हरणालाही मिळालं असेल ना?

भाची : मिळालं. पण तो माळ कोरडा होता, हेच त्याचं संरक्षण होतं. झेब्र्यांनी रोनवर हल्ला केला नाही, तिला हाकललंही नाही. नुसते शेजारी राहायला आले आणि येताना सिंहांना घेऊन आले. रॉबर्ट होल्ट या शास्त्रज्ञानं १९७७ मध्ये अशा गुंतागुंतीचा सिद्धान्त मांडला होता. दोन प्राणी एकमेकांना स्पर्शही न करता, दोघांच्या समान शत्रूमार्फत एकमेकांच्या मुळावर येऊ शकतात. क्रूगरमधले त्या भागातले बरेच बोअर पुढे बंद केले, पण रोन पूर्वपदावर आली नाही. मघाचा स्कॉटलंडचा वरचा खडक आठवा. तो रोज पाण्यानं भिजवत ठेवला असता, तर तिथली दुबळी जात वाचली असती का?

मामा : नसती वाचली. दणकट जात वर चढून आली असती.

भाची : मग बघा. टंचाई कुणाला तरी मारते हे खरं, पण टंचाई कुणाला तरी सांभाळतेही. दर दोन-तीन किलोमीटरवर बारमाही पाणी झालं, तर चितळं आणि रानडुकरं सगळीकडे पोहोचतील. त्यांच्यामागे वाघ सगळीकडे पोहोचेल. मग चौशिंग्यासारख्या बुजऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या प्राण्यानं जायचं कुठे?

मामा : पुस्तकातून हे म्हणणं सोपं आहे. मी बफरमध्ये नोकरी केलीय. आतलं पाणी आटलं की जनावर गावाच्या तलावावर येतं. त्याच्यामागे वाघ येतो. मग माणूस मरतो, आणि पुढे लोक विष घालून वाघ मारतात. आफ्रिकेतल्या त्या हरणासाठी मी इथले पंप बंद करणार नाही.

भाची : सगळे बंद करा, असं मी म्हणतच नाही. मी एवढंच म्हणते, की पाणवठा कुठे करायचा याचा जेवढा विचार होतो, तेवढाच कुठे करायचा नाही याचाही व्हावा. नकाशावर काही जागा जाणूनबुजून कोरड्या राहू द्याव्यात.

मामा : अशा जागा सोडायला मन धजत नाही गं. उन्हाळ्यात तहानेनं मेलेलं चितळ बघितलं की लोक खात्याला धारेवर धरतात. कोरडी सोडलेली जागा म्हणजे दुर्लक्ष, असाच अर्थ निघतो. पण तुझ्या बोलण्यानं मला घाणेरी आठवली. ती जंगलात माजते तेव्हा असंच होतं. आधी कुठे गवताचा पट्टा असतो, कुठे झुडपं, कुठे मोकळं मुरमाड रान. घाणेरी सगळ्यावर पसरते आणि सगळीकडे एकच करून टाकते. गवत गेलं की गवतावरचे प्राणी जातात, आणि मग भांडायलाही कुणी उरत नाही. लोकांना ते हिरवंगार दिसतं. आम्हाला कळतं, की जंगल गरीब झालं.

भाची : मामा, मी सकाळपासून शोधत होते ते वाक्य तुम्ही बोललात. सगळीकडे एकच झालं की जंगल गरीब होतं. पाण्यानं झालं काय आणि घाणेरीनं झालं काय.

मामा : पण म्हणून मी स्पर्धा सोडली असं समजू नकोस. माझं म्हणणं अजून तेच आहे. दबाव नसता तर बिबट्या शिकार झाडावर चढवायला शिकला नसता, आणि अस्वल मध्यरात्रीची वाट बघत बसलं नसतं. तुला आवडणारी सगळी वाटणी त्या दबावातून आलीय. स्पर्धा पुसून टाकलीस, तर ही विविधताही पुसली जाईल.

भाची : आणि माझं म्हणणं असं, की नुसता दबाव कुणालाही काही शिकवत नाही. गाउझच्या पहिल्या नळीतही दबाव होताच. तिथे कॉडेटम काही शिकली नाही, नुसती संपली. दबाव आणि सरकायला जागा, दोन्ही असतील तर नवी जगण्याची रीत निघते. जागा काढून घेतली, तर तोच दबाव गळा आवळतो. शिवाय आज ती जागा काढून घेणारे आपणच आहोत. रस्ता, कालवा, खाण आली की जंगलाचे तुकडे पडतात. सरकायला जागा कमी होते, प्राण्यांना एका जंगलातून दुसऱ्या जंगलात नेणाऱ्या वाटा तुटतात. आणि मग उरलेल्या तुकड्यात प्राणी एकमेकांवर तुटून पडले की आपण म्हणतो, निसर्ग असाच क्रूर असतो.

मामा : त्यात माणसालाही धर. मोहाखालची बाई काही हौसेनं अंधारात जात नाही. तिलाही सरकायला जागा नाही. गावानं एकत्र बसून झाडं वाटून घेतली, कुठल्या घरानं कुठली वेचायची ते ठरवलं, तर तिला उजाडेपर्यंत थांबता येईल. काही झाडं जंगलाच्या आत आहेत, ती जनावरांना सोडता येतील. हे खात्यानं फर्मान काढून व्हायचं नाही. ग्रामसभेत बसून ठरवलं तर होईल.

भाची : मग हेच आपण नोंदवहीसोबत लिहून देऊया ना! कुठले प्राणी किती दिसले, एवढ्यावर थांबायचं नाही. कोण किती वाजता आलं, कुणाला बघून कोण थांबलं, कुणी पाण्याकडे फिरकलंच नाही, तेही लिहायचं. त्यावरून खात्याला ठरवता येईल, की पुढचा सौर पंप कुठे बसवायचा आणि कुठला भाग तसाच ठेवायचा.

मामा : लिही. पण माझ्या नावानं लिहिताना दोन गोष्टी एकत्रच लिही. गावाच्या शिवेला लागून असलेल्या आतल्या पाणवठ्यांचं पाणी कुठल्याही उन्हाळ्यात तुटता कामा नये, कारण तिथे माणसाचा जीव अडकलेला आहे. आणि आतल्या कोरड्या रानात नवा पाणवठा मागणाऱ्यानं आधी सांगावं, की तिथे आज कोण राहतं आणि पाणी आल्यावर त्याला कोणता शेजार मिळेल. या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तिथे बोअर मारायचा नाही.